प्रारब्ध कोणाचं?

मंडळाचे अध्यक्ष मल्हारराव, व्यासपीठावरील पाहुण्या सुधाताई, आजचे सत्कारमूर्ती रघुनाथराव, म्हणजे आमचे हे, आणि सर्व बंधुभगिनींनो,

इतकी वर्षं गीतेचा वर्ग घेतलेल्या ह्यांचा आज निरोप-समारंभ आहे. अशा वेळी पत्नीने दोन शब्द कौतुकाचे बोलायचे असतात. मला ते जमणार नाही. शरम वाटते आहे.

जीव, कर्म, पुनर्जन्म, मोक्ष ही साखळी ह्यांच्याइतकी सोपी करून कोण सांगतं? संस्कृत घेऊन बी.ए. झालेली मी, पण पुढच्या रांगेत बसून नुसती मान डोलावत आले.

गेल्या गुरुवारी वर्गातली गरिमा तान्ह्या मुलीला घेऊन घरी आली. मुलीला ऐकू येत नाही, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाली, "काकाजी, मेरी बच्ची ने किसी का क्या बिगाड़ा?"

ह्यांनी चष्मा पुसला आणि संचित, प्रारब्ध, क्रियमाण, सगळं उदाहरणांसह समजावलं. चहा ठेवता ठेवता मीही म्हटलं, "बरोबर आहे."

गरिमाने मुलीला छातीशी धरलं. "मतलब गलती इसी की है?" चहाला हात न लावता ती निघून गेली.

"अहो, हे काय केलंत?"

"शास्त्रात आहे तेच सांगितलं."

"शास्त्र विचारायला आली होती का ती?"

"तूही बरोबर म्हणालीस की!"

मी तिचा कप उचलून आत नेला.

सर्वांच्या ठायी एकच आत्मा, हे ह्यांनीच शिकवलं ना? मग ते मूल परकं कसं? कर्माचा विचार ज्याने त्याने आपल्यापुरता करावा. दुसऱ्याच्या दुःखावर तो शब्द ठेवला की आपले हात मोकळे होतात, आणि धर्म तिथेच सुटतो.

तेव्हापासून ह्यांनी पोथी उघडलेली नाही. आज सकाळी म्हणाले, "शाल कोणत्या तोंडाने घेऊ?"

"घेऊ नका. आधी तिच्याकडे चला."

"तिथे बोलू काय?"

"प्रवचन सोडून काहीही."

मल्हारराव, हसू नका, मी गंभीरपणे सांगते आहे.

मंडळाने एवढ्या आपुलकीने सगळं मांडलं, त्याबद्दल आम्ही दोघं आभारी आहोत. शाल-श्रीफळ मात्र राहू द्या. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर आपण सांभाळून घ्याल. पण आमच्या खऱ्या चुकीची माफी ह्या सभागृहात मिळायची नाही. ती किला गेट भागात, गरिमाच्या घरी, तिच्या दारात उभं राहून मागायची आहे. ती दार उघडेलच असं नाही.

उठा हो. निघू या.