पाखरीच्या अंगाला चाबूक लागायचा न्हाई

न्हाई म्हणजे न्हाई! बसा खाली, पावणं, आन तो चाबूक आधी खाली ठिवा. मी काय बोलले ऐकू आलं ना? नवरदेवाचा मामा म्हणून काल मांडवात तुमचा मान व्हता, तो झाला. हे माझं दार हाये. काय म्हणं, घोडी नवऱ्याला घेऊन उधळली, घोडेगावच्या पावण्यांची भर गावात शोभा झाली, म्हणून पाखरीला चावडीपुढं उभं करून फटके मारायचे — आन मी, द्रौपदानं, तिचा लगाम धरून उभं ऱ्हायचं! वा रं वा! न्हाई मारू दिलं तर काय कराल? दोन्ही तालुक्यात एक परण्या, नवरदेवाची एक वरात मिळू देणार नाय? नका देऊ. बाजरीची भाकर कुठं गेली न्हाई माझी.

आमच्या सासऱ्यानं छप्पन सालच्या दीक्षेनंतर गावकीचं काम टाकलं आन पहिलं काय केलं असल? घोडं आणलं दारात! लोक हासले — हासू द्या. म्हातारा म्हणायचा, आपून कुणाच्या पुढं वाकायचं न्हाई, आन जनावराला बी वाकवायचं न्हाई. ही पाखरी शिंगरू असताना घरात आली ती अशी बिचकी, बादली वाजली तरी दावं तोडायची. आमचे हे चाबूक घेऊन उठले, तर मी तो चुलीत घातला — व्हय, चुलीत! भांडलो आमी लई. मग मी काय केलं, तोबऱ्यात भिजलेला हरभरा बांधायची तिच्या तोंडाला, आन लांब बांधाजवळ जाऊन पत्र्याचा डबा वाजवायची. हळूच. तिनं कान टवकारलं की थांबायची, खायला लागली की परत. उद्या थोडं जवळून, परवा आनखी जवळून. शेवटी कानाशी ताशा वाजला तरी ही आपली हरभरा खातीया! कान बघायचे, राव, घोड्याचे. कान मागं पडले म्हंजी ते भ्यालंय, भ्यालेल्याला मारून काय शिकवणार तुमी? आनखी भ्यायला!

आन काल ती बँडला बिचकली का? न्हाई. फटाक्याला? न्हाई. लगाम माझ्या हातात व्हता, मला विचारा. वेशीपासून मारुतीपतोर कशी चालली — नवऱ्याचा फेटा हालला नव्हता. मग बँडवाल्याच्या हातातला माइक कुणी हिसकला? सांगा की. तुमी! तुमचा सोताचा बैलगाडा पळतोय यात्रंतल्या शर्यतीत, घाटाच्या चढावर गाडे सुटताना काय वरडतात ते तुमाला ठावं न्हाई व्हय? आन तुमी पोरांना हासवायला माइकवर केवढ्यानं वरडलात — भिर्रर्रर्र!

अवो, पाच वर्सं बैलांच्या म्होरं पळलीया ती घाटात. आमचे हे, संपतराव, वर बसायचे. भिर्रर्र झालं की गाड्याच्या म्होरं सुटायचं आन घाटाच्या माथ्यावर जाऊन उभं ऱ्हायचं — एवढंच शिकवलं व्हतं तिला, आन तेवढंच केलं तिनं. माझ्या हाताला हे बघा, लगामानं सालटं निघालं. पर तिचं काय चुकलं? शिकवल्यावानी वागली ही चूक? मग उद्या तुमी हाक मारल्यावर तुमचा बैल आला तर त्याला बी हाणा!

नवऱ्याला खरचटलं तरी का? वाटंत तो एका अंगाला कलंडला, तवा ती कशी सावकाश झाली ते मी मागून बघितलंय. मी पळत व्हते ना, चपला टाकून — ह्या वयात! मारुतीमागच्या घाटाच्या माथ्यावर पोचले तर तुमचा भाचा खाली उतरून उभा, फेटा न्हाई, रडकुंडीला आलेला, आन पाखरी त्याच्या कोटाच्या खिशात तोंड घालतीया. तो वरडतोय, बाई, चावती मला! चावत न्हाई रं बाबा, म्हणलं. गूळ शोधतीया.

वर पोचलं की आमचे हे उडी मारून उतरायचे आन खिशातनं गुळाचा खडा काढायचे. दर बारीला, दर शर्यतीला. दोन वर्सं झाली त्यांना जाऊन, पर हिला कोण सांगणार? हा खिसा हुंगला, तो हुंगला, मग मान वळवून खाली घाटाकडं बघत उभी ऱ्हायली. तुमचा भाचा माझ्याकडं पाठ करून, ऊन डोळ्यावर, अंगात ह्यांचा व्हता तसलाच काळा कोट... आन वाईट काय सांगू पावणं, मी बी जागच्या जागी थांबले. मला बी वाटलं, आता हात खिशात घालतील. मी सुद्दा वाट बघितली...

काय बघताय माझ्या तोंडाकडं?

उठा. चहा मिळायचा न्हाई. चाबूक इसरू नका तुमचा, माझ्या चुलीला जळण लई हाये. आन जाताना फाटक हळू लावा, ती खातीया.