कार्डात काही दोष नाही

— नाही, नाही, त्यांना फोन नका करू. ठेवा तो मोबाईल खिशात, दादा. कळतंय मला, चांगल्या मनानंच म्हणताय तुम्ही — पाऊण तास तुम्ही स्वतः या ग्राफिक्स कार्डावर गेम पळवलात, पंखा नीट फिरला, तापमान वर गेलं नाही, एकदा म्हणून अडकलं नाही — आणि आमच्या ह्यांनी जाहिरातीत लिहिलंय ‘खराब, फक्त सुट्या भागांसाठी’. म्हणजे माणूस चांगली वस्तू चुकून भंगारात काढतोय, त्याला सांगायला नको का? नको. सांगायला नको. तुमचं दुरुस्तीचं दुकान, तुम्ही भंगाराच्या भावात न्यायला आलात, निघालं चांगलं — तुमचं नशीब. काढलंत ना मशीनमधून? मग न्या. पिशवी आहे का? थांबा, मी जुनं वर्तमानपत्र देते गुंडाळायला.

चोरीचं? अगबाई! चोरीचं असतं तर तुम्हाला घरात घेऊन, खुर्ची देऊन, पाणी विचारलं असतं का मी? बिल आहे, खोकं आहे, खोक्यातला तो करकरणारा फोमसुद्धा आहे — हे खोकी टाकत नाहीत ना. लग्न होऊन आले तेव्हा कपाटात माझ्या कपड्यांना एक खण मिळाला आणि खोक्यांना तीन. बसा हो, असे अर्धवट उठू नका. हे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेत, मोठ्या नणंदबाई घेऊन गेल्यात त्यांना, तिथं ही गर्दी असते, दोन तास तरी यायचे नाहीत. सांगते तुम्हाला. पण सांगितलं की न्यायचं हं, मग का-कू नाही.

मघाशी मशीन लावलं तेव्हा तुम्ही जरा दचकलात — विंडोज नाही, लिनक्स आहे ते. आमच्याकडे दुसरं काही शिरतच नाही. ह्यांचं मत असं — मत कसलं, हट्टच — की ज्या ड्रायव्हरच्या आत डोकावून बघता येत नाही तो आपल्या मशीनमध्ये घ्यायचा नाही. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि मशीन यांच्यातला बोलणी करणारा. ह्या कार्डाचा ड्रायव्हर उघडा, कुणीही वाचावा, कुठून आणून बसवावा लागत नाही, कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, घरात येतो. आणि दुसरी कार्डं असतात ना, बंद डब्यातला ड्रायव्हर असलेली — ते म्हणजे घरजावई, असं हे म्हणतात. कामाला येतो, दिसायला रुबाबदार, पण कर्नल जरा इकडचं तिकडं झालं की रुसून बसतो, आणि का रुसला ते कुणाला सांगत नाही. हे सगळं मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. आम्ही कुठं फिरायला गेलो नाही. कर्नलची नवी आवृत्ती आली होती.

खेळायचे का? छे हो, खेळायला वेळ कुठं! गेम बनलेला दुसऱ्या सिस्टीमसाठी, तो इथं चालवायचा म्हणजे मध्ये एक दुभाषा बसवायचा, मग दुभाष्याची ही आवृत्ती की ती, मग पहिल्यांदा सुरू केला की तो ठेचा खात चालतो, कारण उजेड-सावलीची गणितं आधी मांडून घ्यावी लागतात त्याला — आणि हे सगळं जमलं, की मग कोपऱ्यातला आकडा. सेकंदाला किती चित्रं. एकशे तीस. मग तो एकशे चाळीस करायचा. एवढा मोठा डोंगर समोर, बर्फ, मागून सूर्य वर येतोय — आणि माणूस कोपऱ्यात आकडा बघतोय. मी खुर्चीमागे उभी राहून सूर्य बघायचे.

माझं मत विचाराल तर — विचारत कुणी नाही, पण विचाराल तर — नव्यातलं नवं घेण्यात काही अर्थ नाही. चाललंय ते चालू द्यावं, जुनं कर्नल बाजूला जपून ठेवावं, आणि सुटीच्या आदल्या दिवशी अपडेट करू नये, सुटी त्यातच जाते. आणि त्या बंद डब्यांचा ह्यांना येतो तेवढा राग मला येत नाही. उघडं आहे, उघडं आहे म्हणतात, पण उघडं असलं म्हणून आत जाऊन वाचतं कोण, दादा?

शिकले त्यांच्याकडूनच, माउस सोडून हुकूम टाइप करून मशीन चालवायला. हौसेनं शिकवलं हो. ‘बायकोला टर्मिनल येतं’ म्हणून लिनक्सवाल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलं होतं. मशीनवर माझ्या नावाचं खातं काढून दिलं, पूर्ण अधिकार दिले — ‘घरची मालकीण तू, मग इथली पण तूच’ — किती हसलो होतो आम्ही तेव्हा. कारण काय, तर हे ऑफिसात असताना डाउनलोड अडकलं तर मी माझ्या मोबाईलवरून मशीनमध्ये शिरायचं आणि पुन्हा चालू करायचं. एवढंच कारण.

मग एकदा मशीन खरंच बंद पडलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला. खोलीतून ‘अरे!’ ऐकू आलं, खुर्ची मागे सरकली, आणि हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. स्क्रीन काळी झाली म्हणाले. काही सुचेना, म्हणून माझ्यासमोर बसून भाजी निवडायला लागले. आणि काय छान बोलले हो! शाळेचं, एका लंगड्या कुत्र्याचं, वडिलांच्या सायकलचं. तासभर. लग्नाला तीन महिने झाले होते, आणि हसताना ह्यांच्या उजव्या गालाला खळी पडते हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मशीन ठीक झालं. खोलीचं दार बंद.

तुम्ही काय केलं असतं? राहू दे, नका सांगू.

तर ह्या उघड्या ड्रायव्हरमध्ये एक फाइल असते, चाचणीसाठी ठेवलेली. ती वाचली — लिहायचं काही नाही, मोडायचं काही नाही, नुसती वाचली — की कार्ड स्वतःला झटकून नव्यानं सुरू होतं. गेम मरतो, स्क्रीन काळी. आणि मशीनच्या नोंदीत लाल अक्षरांत ओळ पडते, की कार्ड रिसेट झालं. हुबेहूब बिघाड. ही फाइल ह्यांनीच मला दाखवली, एका रविवारी, गंमत म्हणून. मग मी काय करायचे, गॅससमोर एका हातात झारा, दुसऱ्या हातात मोबाईल. वाचायचे. गॅस बारीक करायचे. दोन मिनिटांत दार उघडायचं.

आठवड्यातून एकदाच, दादा. नंतर दोनदा. माणूस लोभी असतो.

ह्यांनी काय काय नाही केलं! कार्ड थंड ठेवणारी पेस्ट बदलली, पॉवर सप्लाय बदलला, भिंतीतली वायर उकरून काढली — ते बघा तिकडं, प्लॅस्टर अजून तसंच आहे. मग वही केली. तारीख, वेळ, कुठला गेम, किती तापमान, नंतर नंतर बाहेर ऊन होतं की ढग, आपण काय जेवलो होतो. आता बाहेर यायचे ते वही घेऊन. माझ्यासमोर बसायचे आणि वहीत बघायचे. म्हणजे ज्यासाठी केलं तेच गेलं. तिथं मी थांबायला हवं होतं, हो, कळतं मला, तुमच्या तोंडावर दिसतंय ते. थांबले होते! अकरा दिवस. अकरा दिवस एकदाही बंद पडलं नाही, तर माणसाला आनंद व्हावा की नाही? ह्यांना घाम फुटायचा. पाठ ताठ करून बसायचे, ‘आता कधीही’ म्हणायचे. ते बघवेना मला. बाराव्या दिवशी वाचली. आणि काय सांगू, जीव भांड्यात पडला त्यांचा. बाहेर येऊन म्हणाले, ‘बघ, मी म्हणत होतो ना!’

मग ऑफिसची मीटिंग. तेव्हा ते खेळत नव्हते. घरूनच साहेबांना काहीतरी दाखवत होते, मोठं काम होतं. ते का केलं — ते नाही सांगता यायचं मला. आदल्या दिवशी त्यांनी मला एक — जाऊ दे. हात ओला होता, पदराला... ओढणीला पुसला, आणि वाचली. नंतर आणखी एकदा, तशाच मीटिंगला. साहेब म्हणाले, काही दिवस विश्रांती घ्या.

आता डोळ्यांचं सुरू झालंय. भर दुपारी जेवताना विचारतात, ‘लाईट गेली का गं?’ गेलेली नसते. पंखा चालू असतो डोक्यावर. मी म्हणते, नाही हो. मग घास तसाच हातात. एकदा, एकदाच हं, मी म्हटलं, ‘हो, गेली होती, आली आत्ता.’ किती निवांत जेवले त्या दिवशी! हल्ली सगळं मला विचारून करतात. मशीन लावू का, खिडकी उघडू का. नणंदबाई माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, तू होतीस म्हणून निभावलं.

भीती? कशाची? अहो, माझं नाव लिहिलंय तिथं! दर खेपेला. मी मशीनमध्ये शिरले की ओळ, अधिकार वापरला की ओळ — माझं नाव, वेळ, काय वाचलं, सगळं. पुसता येतं, पुसलं नाही मी. लाल ओळीच्या बरोब्बर वर, साध्या पांढऱ्या अक्षरांत. पाच महिने हे ती नोंद उघडतायत, आणि त्यातलं लाल तेवढंच वेगळं काढून वाचतायत, बाकीचं गाळून. फक्त ड्रायव्हर काय म्हणतो ते. एक ओळ वर सरकले असते, एकच, तर त्याच दिवशी माझं नाव दिसलं असतं. रागावले असते, ओरडले असते, मी रडले असते, संपलं असतं. मी वाट बघितली, दादा. रोज वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघायचे, की आज दिसलं असेल. नाही सरकले. बायकोचं नाव म्हणजे काय, बिघाड थोडाच आहे!

पण आता नाही दिसायला पाहिजे. तेव्हा ती खोडी होती. आता तिला काय म्हणतात, मला माहीत नाही. आणि उद्या सकाळी ग्रुपवरचा तो मित्र येतोय — घुबड म्हणतात त्याला सगळे — तो हे कार्ड स्वतःच्या मशीनमध्ये लावून बघणार. तिथं ते चालणार, तुमच्यासमोर चाललं तसंच. मग तो आमची नोंद उघडणार, आणि तो गाळून वाचणाऱ्यातला नाही. पहिल्या ओळीपासून वाचतो, आणि आता पुसलं तर पुसलेली जागाही त्याला दिसेल. म्हणून काल ह्यांना म्हटलं, विकून टाकू या, कशाला त्याला त्रास. ‘तुला योग्य वाटेल ते’ म्हणाले. पण जाहिरात स्वतः लिहिली, खराब आहे म्हणून. समोरच्याला फसवायचं नाही म्हणाले. असा माणूस आहे.

नवीन घेणार ना. बंद डब्यातल्या ड्रायव्हरचं घेऊ, म्हटलं मी. हो म्हणाले. एवढा हट्ट होता, पण हो म्हणाले. त्यातही काहीतरी असेलच वाचण्यासारखं — नाही, म्हणजे मी उगीच आपलं बोलले. हसायला.

कार्ड टेबलावर का ठेवलंत? दादा. ठरलं होतं ना आपलं? असं नका बघू माझ्याकडे. मी एवढं बोलत नाही कधी, कुणालाही विचारा, ‘सून फार शांत आहे’ म्हणतात. तुम्ही विचारलंत म्हणून. अख्ख्या घरात ‘का’ असं विचारणारे तुम्हीच पहिले. घ्या ते, आणि निघा आता, जिना उतरलात की ना तुम्ही मला ओळखता, ना मी तुम्हाला —

बेल.

नाही, हे नसतील. ह्यांच्याकडे किल्ली असते. दोन तास तरी — आले, आले! बसा तुम्ही. बसा म्हणते ना! ते हातात घ्या.

अहो, तुम्ही? एवढ्यात? ताई कुठायत, खाली गाडी लावतायत? काय म्हणाले डॉक्टर? … काहीच नाही? डोळ्यांत काहीच नाही? मग दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले? … बरं, बरं, बघू ते. दारात का उभे? आत येऊ का म्हणून काय विचारताय, तुमचंच घर ना हे? या. सावकाश. हे दुकानवाले दादा, कार्ड न्यायला आलेत. हो, तपासलं ना, पाऊण तास तपासलं, मी इथंच होते. पाचव्या मिनिटाला पडलं. काळं ठार. तेच म्हणत होते मला आत्ता, की कार्डच गेलेलं आहे, वापरणाऱ्याचा काही म्हणजे काही दोष नाही. ऐकलंत ना? तुमचा काही दोष नाही. हो ना, दादा?

सांगा ना त्यांना.

दादा, ते तुमच्याकडे बघतायत.

सांगा.