पंखा चालू होता

नाही म्हणजे काय, नाही? — आधी ते टोक धर. नीट धर, शिवण आतल्या बाजूला. हं, आता मागे सर, ताण, ताण जरा, चादर आहे ती, नवरा नाही, दुखायचं नाही तिला. तर काय म्हणालीस? उद्याच्या पेपरला बसत नाही. अकरा महिने मोबाइलमध्ये डोळे फोडलेस, जेवायच्या सुट्टीत याच चादरींच्या खोलीत, त्या उशांच्या ढिगावर बसून धडे ऐकलेस, पलंग कसा घालायचा याच्या चौदा पायऱ्या पाठ केल्यास — रोज सोळा खोल्यांत जे काम तू आठ पायऱ्यांत उरकतेस त्याच्या चौदा! — आणि आता शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी मला येऊन सांगतेस, नाही जमणार. का? तर बाळ रडेल. रडणारच. दीड वर्षाचं पोर रडणार नाही तर काय हिशेब लिहील? इकडे ये, टोकाला टोक मिळव, दे माझ्याकडे. दुसरी घे.

आणि मला ठाऊक आहे, बाळ हे निमित्त आहे. खरं कारण मी आहे. खाली लॉन्ड्रीत ऐकलंयस तू — ऐकलंस ना? मान हलवू नकोस, कान लाल झालेत तुझे. ‘म्हातारीची कंबर मोडून बाई सुपरवायझर झाली.’ असंच ना? रिसेप्शनवरचा तो टायवाला तर म्हणे सांगतो की मी सासूबाईंना कोंडून ठेवलं आणि त्या ओरडत होत्या आणि मी पेपर लिहीत होते. तो होता का तिथे? त्याच्या घरी कोण स्वयंपाक करतं, कोण कपडे धुतं, हे विचार त्याला एकदा, मग माझ्या घरात डोकाव म्हणावं. कोंडून नाही ठेवलं मी कुणाला. स्वतःला कोंडून घेतलं होतं. आणि ऐकू आलं नाही मला, कारण पंखा चालू होता. आमचा पंखा खडखडतो, तो लागला की शेजारची भिंत पाडली तरी कळायचं नाही. मी म्हणत नाही, सासूबाईंनीच सांगितलं तसं, सगळ्यांसमोर, दवाखान्यात. झालं? आता ताण. तिरकी धरलीस.

एकोणीस वर्षं झाली मला या हॉटेलात. एकोणीस वर्षांत पाच सुपरवायझर आले माझ्या डोक्यावर — पाचही कोवळे, पाचही सर्टिफिकेटवाले — आणि पाचही जणांना काम शिकवलं कुणी? मी. तो शेवटचा चष्मेवाला, पहिल्याच दिवशी मला विचारतो, मावशी, तुम्ही खोलीत असताना ट्रॉली दाराला आडवी का लावता, जायला-यायला अडचण होते. म्हटलं, बाबा, अडचण व्हावी म्हणूनच लावतात. आपण वाकून टब घासत असतो, पाठ दाराकडे, पाण्याचा आवाज — मागून कोण आत शिरलं हे कळायला नको? दार उघडं हवं, पण वाट अडलेली हवी. सहा महिन्यांनी तोच हे नव्या मुलींना शिकवत होता, जसा काही त्याचाच शोध. त्या दिवशी मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले, हातमोजेसुद्धा काढले नाहीत, म्हटलं, ही जागा मला का नाही? साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, मावशी, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही हो, पण वरच्या ऑफिसला कागद लागतो. कागद? म्हटलं, बरं, कागद आणते. हसू नकोस, कोपरा सुटला बघ तुझा.

मग काय, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी घेतलं कोर्सला नाव घालून. घरबसल्या शिका, मोबाइलवर शिका. घरबसल्या! घरी बसायला मिळालं असतं तर शिकले कशाला असते? नवरा म्हणाला, तुला झेपेल का. म्हटलं, तुम्ही झेपलात, हे काय मोठं. व्हिडिओतला तो मास्तर — तुलाही तोच आहे ना, मऊ हातांचा? — उशीला खोळ घालायला चार मिनिटं लावतो, मी तेवढ्यात बाथरूम आवरून बाहेर येते. पण सांगते तुला, हसत हसत बघायला लागले आणि हळूहळू हसू थांबलं. आपण जे हाताने करत आलो त्याला नाव असतं, कारण असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाहुण्याला खोलीत शिरल्यावर पहिल्या क्षणात काय दिसतं, यावर एक अख्खा धडा आहे. इतकी वर्षं मी तो क्षण तयार करत होते, आणि लोक म्हणत होते, झाडूवाली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं नाही सांगत. घरी रोज रात्री सासूबाई विचारायच्या, काय गं बडबडतेस. मी त्यांनाच शिकवायची मग. आता त्यांना विचार, स्वच्छतेच्या रसायनांचे प्रकार घडाघडा सांगतील.

पहिल्यांदा गेला तो पेपर कसा गेला, तेही ऐक, ते खाली कुणी सांगत नाही. नियम तुला ठाऊक आहेत — खोलीत एकटं बसायचं, मोबाइलचा कॅमेरा तोंडावर, दुसरा चेहरा दिसता कामा नये, दुसरा आवाज येता कामा नये, इकडेतिकडे बघायचं नाही. आमची दोन खोल्यांची जागा. मी स्वयंपाकघरात, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला. आणि अर्ध्या पेपरात सासूबाई आल्या चहा घेऊन. चहा! सव्वीस वर्षांत त्या बाईने मला कधी बसल्या जागी पाण्याचा पेला दिला नव्हता, आणि त्या दिवशी, सून परीक्षा देतेय म्हणून, बशीत बिस्किटं घालून — ‘घे गं, डोकं तापलं असेल.’ झालं. दुसरा चेहरा, दुसरा आवाज. पेपर बंद. पडद्यावर लाल अक्षरं. आता पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि तीच शेवटची संधी. मी बोलले त्यांना. खूप बोलले. म्हटलं, तुमच्या एका हाकेने माझं वर्ष मातीत घातलंत. त्या तशाच उभ्या, कप हातात. मग आत गेल्या आणि तो चहा स्वतः प्यायल्या, गार झालेला. — धर, धर, ही मोठी आहे, डबल बेडची.

तर दुसऱ्या खेपेला मी कुणाला संधीच दिली नाही. नवरा ड्यूटीवर. नणंद दोन गल्ल्या सोडून राहते, तिला हात जोडून म्हटलं, तीन तास येऊन बस आईजवळ. ‘बघते’ म्हणाली. अजून बघतेच आहे! आणि नंतर दवाखान्यात गळा काढायला सगळ्यांच्या आधी हजर. सासूबाईंना जेवायला घातलं, औषध दिलं, पाणी उशाशी ठेवलं, म्हटलं, आता काही झालं तरी हाक मारायची नाही. मी स्वयंपाकघराला आतून कडी घातली. त्यात काय चुकलं? तुमच्या टायवाल्याचा पेपर असता तर अख्खं घर तीन तास चवड्यांवर चाललं असतं, आणि कुणी त्याला कोंडणं म्हटलं नसतं!

आणि त्या पेपरात काय कमी छळ झाला माझा? तीन ताकिदी मिळाल्या की पेपर रद्द. पहिली ताकीद — ऐक, गंमत आहे — पहिली ताकीद मिळाली ती पंख्यापायी. लाइट गेली, पंखा घरघर करत थांबला, माझी आपली मान गेली वर, हे काय झालं म्हणून. लगेच पडद्यावर, ‘समोर बघा’. अगं, समोर काय बघा, घामाच्या धारा लागल्यात! दुसरी ताकीद पदराने — तोंड पुसलं तर म्हणे चेहरा झाकला. आता एकच उरली. मान हलवायची सोय नाही, डोळा उचलायची सोय नाही, खोली भट्टीसारखी, आणि मोबाइलचं चार्जिंग उतरत चाललेलं, आणि मी दगडासारखी समोर —

का सोडलंस टोक?

जमिनीला लागली ना चादर. आता परत धुवायला टाकावी लागेल. कुणी सांगितलं होतं सोडायला? — असं बघू नकोस माझ्याकडे. काय बघतेस? बोल ना. मघाशी तर चुरूचुरू बोलत होतीस, बाळ आणि बाळ.

हं.

लाइट नव्हती. बरोबर आहे तुझं.

दार लोट ते. — ऐकलं मी. सगळं ऐकलं. समोरच्या खोलीची खिडकी वर आहे, उकडलं म्हणून त्या स्टुलावर चढल्या असणार ती उघडायला. आधी स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग धप्प. मग हाक आली. एकच. ‘अगं —’ एवढीच, अर्धी. समोर प्रश्न होता, खोलीत किती प्रकारचे टॉवेल ठेवतात. बावीस मिनिटं उरली होती आणि नऊ प्रश्न. मी थांबले. दुसरी हाक आली की उठायचं, असं ठरवलं मी. देवाशप्पथ ठरवलं होतं. दुसरी आली असती तर मोबाइल फेकून उठले असते. आलीच नाही. म्हटलं, मग काही झालं नसेल, भांडं पडलं असेल, उठून बसल्या असतील. असं मनाला समजावत नऊ प्रश्न सोडवले. नऊच्या नऊ बरोबर आले, निकालात बघितलं.

कडी काढली तर त्या भिंतीला टेकलेल्या, पाय वाकडा झालेला, आणि पदराचा बोळा तोंडात. दातांत धरलेला घट्ट. का, कळलं तुला? पहिल्या खेपेला मी बोलले होते ना. एका हाकेने वर्ष मातीत घातलंत म्हणाले होते ना. म्हणून ती अर्धी हाक त्यांनी गिळली आणि बावीस मिनिटं मोडक्या हाडावर बसून राहिल्या. बोळा काढला आणि पहिलं काय विचारलं त्यांनी? — झाला का गं पेपर.

नणंद दवाखान्यात सगळ्यांसमोर ओरडली, घरात असून ऐकू कसं नाही आलं हिला! मी तोंड उघडणार, तोच स्ट्रेचरवरून म्हातारी म्हणाली, ‘पंखा चालू होता. तिला कसं ऐकू येणार?’ घामाने त्यांचा स्वतःचा ब्लाउज भिजून पिळायच्या लायकीचा झाला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र तो शब्द उचलला आणि दोन वर्षं तोच सांगत फिरते. आमच्यात त्यावर परत बोलणं नाही झालं. प्लेट बसवलीय त्यांच्या कमरेत, वॉकर धरून चालतात. सर्टिफिकेट आलं तेव्हा म्हणाल्या, माझ्या खाटेसमोर लाव, मला दिसेल असं. लावलं. शाबासकी म्हणून लावायला सांगितलं की शिक्षा म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. रोज सकाळी त्यांचा पाय चोळताना माझी पाठ त्या कागदाकडे असते.

पण लाज वाटते म्हणून सर्टिफिकेट काढून टाकीन असं कुणाला वाटत असेल तर विसरा म्हणावं. मुळीच नाही काढणार! त्यावर माझं नाव आहे आणि त्याची किंमत त्या बाईने भरलीय. मी ही खुर्ची सोडली तर तिचं हाड फुकट मोडलं. टायवाला खुशाल बोलू दे.

डोळे पूस. रडायचं नाही, चादरींवर डाग पडतात. ऐक आता. दोनशे सहाचा एसी दुरुस्तीला आहे, खोली दोन दिवस कुणाला देत नाहीत. साहेबांना मी सांगते — विचारत नाही, सांगते. उद्या दहाला बाळ घेऊन ये. तू आत टेबलाशी, मोबाइल लावून. मी बाळाला घेऊन बाहेर. दार लोटलेलं आणि दाराला ट्रॉली आडवी, कुणाची छाती आहे आत शिरायची बघते. पण कडी घालायची नाही. समजलं? कडी नाही. बाळ रडलं तर मी खेळवीन, लॉबीभर फिरवीन, त्याची काळजी तू करायची नाहीस. पण मला नाहीच आवरलं, किंवा काही झालंच, तर मी तुला हाक मारीन. एक. दुसरीची वाट बघायची नाही. पेपर गेला तर गेला, पुढच्या खेपेला परत बसू, मी आहे ना इथे, कुठे जातेय? पहिल्या हाकेला उठायचं. म्हण — पहिल्या हाकेला. मोठ्याने म्हण.

बरं. ही चादर धुवायला टाक. चौथ्या मजल्यावर टॉवेल द्यायचेत अजून, साडेतीनला लोक यायला लागतील, निघ. — आणि हे बघ, खाली कुणी विचारलंच तुला, तर पंखा चालू होता.