मळ्याला पाणी कोण देणार?

टण्णकन पेल्याचं झाकण फरशीवर पडलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यातली शांतता मोडली. लेकीच्या हातून निसटलेलं ते झाकण उचलायला तरुण आई वाकली, तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या सासू-सुनेलाही कंठ फुटला. सासूच्या डोळ्याचं आज ऑपरेशन होतं.

“पट्टी सुटेपर्यंत मळ्याला पाणी मीच देणार, आई.”

“तू? थेंबथेंब देऊन वांगी वाळवशील माझी.”

“मातीत कोळशाचा चुरा घातलाय ना. तो ओल धरून ठेवतो.”

“गेल्या वर्षीही घातला होतास. रोपं पिवळीधमक पडली.”

“तेव्हा कोरडाच घातला, चुकलं माझं. रोपांचं खत त्यानेच गिळलं. यंदा आधी शेण कालवलेल्या पाण्यात मुरवलाय.”

“आणि दुपारी पानांनी माना टाकल्या की?”

“टाकू देत. उन्हाच्या वेळी तुम्ही नाही का आडव्या होत? संध्याकाळी उठतात ती. सकाळीही माना खाली दिसल्या, तरच पाणी.”

“जीभ फार चालते तुझी.”

“हातही चालतात. परवा भाजीला वांगी माझ्याच वाफ्यातली तोडलीत, गुपचूप.”

“मोठी होती म्हणून तोडली.”

“मी तरी दुसरं काय सांगतेय?”

नर्सने हाक मारली. सासू उठली. मोटरच्या खोलीची किल्ली कमरेची सोडवून तिने सुनेच्या तळहातावर ठेवली.

“वाळली तर एका डोळ्यानेही दिसेल हो मला!”

दार बंद झालं. लेकीने आईची बाही ओढली.

“आई, आपली आजी तुला किल्ली कधी देणार?”