घर चांगलं आहे, पण…

…नाही पण मला एक सांगा, पाऊस पडतोय एवढं कबूल करायला माणसाचं जातं काय? आठ दिवस! आठ दिवस मी आणि माझी बायको नेल्दा, आमची जुनी लाल गाडी घेऊन दक्षिणेच्या किनाऱ्यानं गावोगाव हिंडतोय, वरून धो धो, खालून चिखल, गाडीचा एकच वायपर चालू, तोही नेल्दाच्या बाजूचा, म्हणजे रस्ता दिसणार तिला आणि गाडी चालवणार मी… आणि ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं तो हात पसरून काय म्हणतो? "अरेरे, एवारिस्तो! काल यायला हवं होतंस! काल काय ऊन होतं!"

तुम्हाला सांगतो, मी कलामाचा. वाळवंटातला. आमच्याकडे छत्री ही उन्हात धरायची वस्तू. पुढे सान्तियागोत तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे कुठल्या गावात किती मिलिमीटर ते मला तोंडपाठ. आणि नेल्दा वाल्दिवियाची, पावसातच वाढलेली. मी रिटायर झालो त्या दिवशी केक कापायच्या आत म्हणाली, "म्हाताऱ्या, तीस वर्षं मी तुझ्या कोरड्या शहरात काढली. आता उरलेली माझ्या पावसात." खरं होतं हो तिचं! तीस वर्षांत एकदा कुरकुर केली नव्हती बाईनं. नाही म्हणायला तोंड नव्हतं मला. पण हो तरी कसं म्हणणार? माझे गुडघे आहेत! शेवटी ठरलं असं, की मित्रमंडळींकडे जाऊन यायचं, तिथली घरं बघायची, आणि जे दोघांनाही पसंत पडेल ते घ्यायचं. दोघांनाही! ही अट माझी. म्हटलं, दुसरं काही नाही तरी चुका काढणं मास्तराला येतंच.

पहिलं वाल्दिविया. नेल्दाची शाळेतली मैत्रीण होर्तेन्सिया. दारातच, "काल यायला हवं होतंत!" आत गेलो तर चुलीवरच्या दोरीवर तिच्या नवऱ्याचे चार जोड मोजे वाळत घातलेले. काल ऊन होतं तर हे मोजे कसले ओले, घामानं? पण पाहुण्यानं बोलू नये. तिनं नदीकाठचं एक घर दाखवलं. नेल्दा खिडकीशी गेली आणि तिथंच उभी राहिली. मी घाईघाईनं म्हणालो, "घर चांगलं आहे, पण समोर हे समुद्रसिंह, किती भुंकतात!" होर्तेन्सिया म्हणते, "काल गप्प होते."

पुढे पुएर्तो मोन्त. तिथं नेल्दाचे जुने शेजारी, म्हातारे रिगोबेर्तो. त्यांनी दाखवलेलं घर टेकडीच्या पार डोक्यावर. "घर चांगलं आहे, पण चढ बघा, माझे गुडघे…" तर म्हातारबा काय म्हणतात? "चढ येतानाच लागतो. जाताना नाही लागत." आणि पाठीवर थाप मारून, "काल यायला हवं होतंस, समोरचा ज्वालामुखी दिसला असता!" समोर? समोर मला माझा हात दिसत नव्हता!

नेल्दा रागावली नाही. तिनं रागवायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं. नुसती म्हणाली, "तुला नाही ना आवडलं? मग राहू दे." आणि खिडकीची काच पुसत बसली. आता राहिलं शेवटचं गाव.

फेरीबोटीनं गाडी पलीकडे नेली, चिलोए बेटावर. आन्कुदच्या थोडं बाहेर माझा बाउदिलिओ राहतो, आमच्या शाळेत संगीत शिकवायचा. "काल…" "यायला हवं होतं," मी म्हटलं, "पुढे?" पुढे त्यानं एक घर दाखवलं. पिवळं, भिंतींवर खवल्यांसारख्या लाकडी फळ्या. घरमालकीण एर्सिराबाई, मुलीकडे कायमच्या राहायला निघालेल्या. आणि तुम्हाला सांगतो… मी कोपरे तपासले. भिंतीला नाक लावून हुंगलं. ओल नाही! छप्पर गळत नाही, जिना नाही, चढ नाही, समुद्रसिंह नाहीत! चुलीमागं बाक, बाकावर मांजर. नेल्दा त्या मांजराशेजारी जाऊन बसली आणि त्याला कुरवाळायला लागली. सापडलं म्हणजे! आता काय खोट काढायची? तेवढ्यात समुद्राकडून वाऱ्याचा झोत आला आणि दार धाडकन आपटलं. मी देवाचे आभार मानले. मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांसमोर, छातीवर हात ठेवून, "घर चांगलं आहे, पण वारा फार. हेच घर त्या टेकडीच्या मागं असतं ना, तर मी आज घेतलं असतं!"

एर्सिराबाईंनी बाउदिलिओकडे बघितलं. बाउदिलिओनं टेकडीकडे बघितलं. मग म्हणाला, "शनिवारपर्यंत थांबशील? गावजेवण आहे."

थांबलो. जेवणाला मी कशाला नाही म्हणू? जिंकलो होतो ना मी!

शनिवारी सकाळी छत्री घेऊन बाहेर आलो, तर त्या घरापुढे बैल. एक नाही, दोन नाही, वीस! घराखाली ओंडके सारलेले, दोर बांधलेले, खिडक्यांच्या काचा काढलेल्या. सगळा गाव भिजत उभा. बायका एका खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिंपले, मांस, बटाटे रचतायत. मी विचारलं, "कुणाचं घर हलवताय?" बाउदिलिओ म्हणाला, "कुणाचं म्हणजे? तुझं! टेकडीमागची जमीनही एर्सिराबाईंचीच."

मिंगा! एकानं बोलवायचं, सगळ्या गावानं यायचं, घर उचलून हव्या त्या जागी न्यायचं, मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. मला ठाऊक नव्हतं का? तीस वर्षं शिकवलंय हो मी! दोन मार्कांचा प्रश्न असायचा! पोरांना दर वर्षी सांगायचो, "बेटावर घर जाग्यावरून हलतं." आणि ऐन वेळी मीच विसरलो!

मी नेल्दाला बाजूला घेतलं. "तुला माहीत होतं?" "होतं," ती म्हणाली. "थांबवायचं होतंस मला!" "तूच म्हणालास, आज घेतलं असतं. तू कधी खोटं बोलत नाहीस, म्हाताऱ्या."

बैल निघाले. शिट्ट्या, आरोळ्या, "हय्या! हय्या!" आणि अख्खं पिवळं घर, धुराड्यासकट, चिखलातून डुलत डुलत चाललंय, मांजर आतच! आणि त्याच्याबरोबर नेल्दा, छत्री नाही, टोपी नाही, दोराला हात लावून धावतेय, हसतेय. लग्नाच्या वर्षी हसायची तशी. हे हसणं कुठं गेलं म्हणून मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली मला, खरंच सांगतो.

टेकडीमागं पोचलो. वारा एकदम पडला. बाउदिलिओनं हात वर केला, वीस बैल थांबले, सगळा गाव थांबला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. "सांग एवारिस्तो, इथं ठीक आहे?" शेवटची संधी होती. एक 'नाही' म्हटलं असतं की सुटलो असतो. नेल्दानं दोर सोडला, माझ्याकडे बघितलं. मी घसा खाकरला, तोंड उघडलं… आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून काय निघावं?

"जरा डावीकडे घ्या."