गोलच करून टाका

—तर मी काय म्हणत होतो, गोल. माझं ऐकाल तर गोलच करून टाका. नाही, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, चौकोनी सध्या चालतो, तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला आवडतो, सगळं मान्य — पण बोटात तुम्ही घालणार की तो? मग! चौकोनाला चार कोपरे, म्हणजे चार काळज्या. हे बघा, हे काचेचे नमुने, घ्या हातात, पडले तरी काही होत नाही — हा गोल, हा लंबगोल, हा चौकोनी, हा होडीसारखा, ह्याला दोन टोकं, आणि हा — हा राहू दे. हा तुमच्याकडे आहेच. थेंब. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला टोक. दिसायला सगळ्यांत देखणा आणि जडणाऱ्याच्या जिवाला सगळ्यांत घोर. जडणारा म्हणजे मी. हिरा कापतो तो वेगळा, विकतो तो वेगळा — ते आमचे मालक, तिकडे फोनवर बोलतायत ते — आणि कापलेला हिरा अंगठीत घट्ट बसवतो तो मी. पस्तीस वर्षं ह्याच टेबलावर. लोकांना वाटतं हिरा म्हणजे कठीण, त्याला काय होणार! कठीण आहे हो, पण टोकावर जरा चुकीचा दाब पडला की टवका उडतो. कपाच्या कडेचा उडतो ना, तसाच.

बघितला हो. मघाशीच बघितला — पुडी सोडली, बघितला, परत पुडीत घातला. आणखी काय बघायचं? भिंगाखाली? हाताच्या काकणाला आरसा कशाला, मॅडम, टोक गेलंय ते उघड्या डोळ्यांना दिसतंय. काय? टोकच परत काढता येतं का? कोण म्हणालं? नेटवर वाचलंत — हो, नेटवर काय, सगळंच येतं. येतं म्हणजे... कशाला त्या भानगडीत पडता? गोल केला की विषय मिटला. वजन जाईल थोडं — बरं, थोडं नाही, बरंच जाईल, खोटं कशाला बोलू — पण टोकच उरलं नाही म्हटल्यावर ते कधी तुटलं होतं हे तरी कुणाच्या लक्षात राहणार? आणि ही जुनी अंगठी, हीसुद्धा ठेवून जा, आजच्या आज वितळवतो, तेच सोनं नव्या अंगठीत घालू. घरी कशाला परत नेता? ह्या वाकड्या नखाचं काय लोणचं घालायचंय? नख म्हणजे हे — हिऱ्याला धरून ठेवायला सोन्याची नखं असतात ना, त्यातलं हे टोकावरचं. उचकटलंय बघा. द्या इकडे. नाही? बरं. बरं, राहू द्या तुमच्याकडे, मी काय हिसकावून घेतोय का.

आई काय म्हणाल्या म्हणालात? कुठलाही आकार चालेल, फक्त थेंब नको, तो डोळ्यांसमोर नको — असं म्हणाल्या? मग झालं तर! त्यांचा हिरा, त्यांनीच सांगितलंय, आपण कोण मध्ये बोलणारे? गोल. ...हं. त्यांच्या हातून फुटला म्हणून. हं. कुठं आपटला ते सांगतात का काही? कधी म्हणतात नळावर, कधी म्हणतात कपाटाच्या दारावर. नक्की आठवत नाही. कसं आठवेल! ...म्हणजे — नाही, म्हणजे इतकी वर्षं झाली, कसं आठवेल, असं म्हणतोय मी. तुम्ही लगेच असं बघू नका माझ्याकडे. पाणी पिणार? मी पितो जरा.

हसताय काय? आपटबाई? कोण म्हणतं त्यांना आपटबाई? सगळेच! आत्या, काका, आणि तुम्हीसुद्धा, स्वतःच्या आईला? प्रेमानं म्हणता. बरोबर आहे, प्रेमानंच म्हणत असाल. म्हणजे घरात काही फुटलं की पहिलं नाव त्यांचं — त्या खोलीत नसल्या तरी. आणि त्याही हसतात. म्हणतात, माझ्या हातात काही धड राहत नाही. असं म्हणतात? ...पण त्यांचा हात तर — घड्याळाच्या कारखान्यात होत्या ना त्या? काटे बसवायच्या टेबलावर. मला कसं माहीत? अहो, त्यांनीच सांगितलं होतं, अंगठीचं माप द्यायला आल्या तेव्हा. ह्याच खुर्चीत बसल्या होत्या. सेकंदाचा काटा, भुवईच्या केसाएवढा, चिमट्यानं उचलायचा आणि एका दमात बसवायचा, दिवसाला तीनशे. आणि मग माझ्या टेबलावरचा चिमटा उचलून उजेडात धरला आणि मलाच म्हणतात, ह्याची टोकं झिजलीत, बदला. मला! ह्या टेबलावर येऊन! — आणि झिजली होतीच हो, मला कळलं नव्हतं. अजून जातात का कारखान्यात? पॅकिंगला? पॅकिंगला का? ...आपणहून मागून घेतलं. लग्नानंतर वर्षाच्या आत. साहेब नको म्हणत होते तरी. म्हणजे सत्तावीस वर्षं त्या — खोकी भरतायत.

नाही, काही नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं, सोन्याचा भुगा असतो इथं. तर — गोल. नाहीतर लंबगोल, त्यालाही टोक नसतं. कोण? सोबत आल्यात? कुठं? ...त्या समोरच्या बाकावर पाठ करून बसल्यात, त्या? अहो, मग आत का नाही आल्या, उन्हात बसल्यात बिचाऱ्या! एवढ्या काचा असलेल्या दुकानात यायला नको वाटतं. हं. जिथं काही फुटण्यासारखं असेल तिथं हात काखेत घालून उभ्या राहतात. सवयच आहे. आणि — माझ्यासाठी निरोप? त्यांना आठवतो मी? काय निरोप? ...काय? पुन्हा सांगा. हळू सांगा, त्या मशीनच्या आवाजात मला ऐकू येत नाही. ...'त्यांना म्हणावं, तुम्ही इतकं सुंदर काम केलं होतं, माझ्या हातून वाया गेलं, माफ करा.' असं म्हणाल्या? माफ करा? मला? ह्या ह्या मला?

थांब, पोरी. तो नमुन्यांचा ट्रे उचल इथून. उचल गं, गोल नको आणि लंबगोल नको. टोक परत काढता येतं. तू वाचलंस ते खरं आहे — जरासं घासायचं, थेंबाचा थेंबच राहतो, थोडा बुटका, बस्स. मालकांना विचार, कुणालाही विचार. मी मघापासून गोल गोल करत बसलोय ते — खाई त्याला खवखवे, दुसरं काय. ती अंगठी दे. घाबरू नको, वितळवत नाही. हे भिंग धर डोळ्याशी, अगदी जवळ, आणि आता अंगठी भिंगाकडे ने, हात टेबलावर टेक म्हणजे हलणार नाही. आता त्या उचकटलेल्या नखाच्या आतल्या बाजूला बघ. तिथं खाच हवी, टोक आत बसण्यापुरती. दिसते? नाही ना? नाहीच दिसणार. भरीव आहे ते. सोन्याचा कणीएवढा तुकडा ठोकून ती खाच मी बुजवलीय. का बुजवली? कारण तिच्यात बसायला टोकच नव्हतं. तुझ्या आईनं बोटात घालायच्या आधीच नव्हतं. अंगठी ह्या दुकानातून बाहेर पडायच्या आधीच नव्हतं. कळतंय का तुला मी काय सांगतोय?

माझ्या हातून गेलं ते. आता तुला वाटेल, त्या दिवशी काहीतरी झालं असेल ह्याच्या घरी, कुणी आजारी असेल, झोप झाली नसेल. काही नाही. सगळे ठणठणीत होते. मी नक्कल करून दाखवत होतो, बाजूच्या टेबलावरच्या जोडीदाराला. म्हातारे मालक, ह्या मालकांचे वडील, सारखे बजावायचे, टोकाला दाब देताना बोलत जाऊ नकोस रे — आणि मी त्यांचीच नक्कल करत होतो, त्यांच्याच आवाजात, 'टोकाला दाब देताना बोलत जाऊ नकोस रे' — आणि टच्. एवढासा आवाज. जोडीदार हसत होता म्हणून त्याला ऐकूसुद्धा आला नाही. त्याच मिनिटाला उठून मालकांना सांगितलं असतं तर काय झालं असतं? ओरडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, दुसरा हिरा मागवला असता. पण माझी ऐट होती ना! डोळे झाकून बसवतो म्हणून मिरवायचो. दुसऱ्या कुणाचा टवका उडाला तर मी त्याला तोंडावर म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं. मग मी कसा सांगणार? बुजवलं. वरून घासून असं गुळगुळीत केलं की म्हाताऱ्या मालकांनी पाठ थोपटली. आणि तुझी आई — तिनं बोटात घालून हात असा लांब धरला आणि म्हणाली, किती बारीक काम आहे हो. अशी दाद बारीक काम करणाराच दुसऱ्या बारीक काम करणाऱ्याला देतो, पोरी. मी मान डोलावली.

सहा महिन्यांनी परत आली. लोकरीच्या धाग्यात अडकून नख उचकटलं होतं आणि तुटका भाग उघडा पडला होता. तुझे बाबा होते बरोबर, दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. म्हणाली, मी कुठंही आपटली नाही हो ही, माझं हाताचंच काम आहे, आपटली असती तर मला कळलं असतं. बरोबरच बोलत होती! शब्दन्‌शब्द बरोबर! आणि मी — उचलली जीभ लावली टाळ्याला — मी मोठ्यानं म्हणालो, बाई, सगळ्या असंच म्हणतात, घरात धसमुसळेपणा करायचा आणि मग कारागिराकडे धावायचं. ती चार गिऱ्हाइकं हसली. तुझे बाबा नुसते तिच्या हातांकडे बघत राहिले. तिनंही बघितलं स्वतःच्या हातांकडे. आणि मग म्हणाली, आपटली असेल. एवढंच. बाबा म्हणाले दुरुस्त नको, राहू दे अशीच, म्हणजे लक्षात राहील. लक्षात कुणाच्या राहायला हवं होतं आणि कुणाच्या राहिलं! मला वाटलं, संपलं, विसरतील, एका अंगठीचं काय एवढं. मला काय माहीत ती दुसऱ्या दिवशी चिमटा धरताना घाबरेल. तू सांगतेस म्हणून आज कळलं. का गं, मला कळायला नको होतं? मी तर हातावर जगणारा माणूस. एखाद्याला तुझा हात बेभरवशाचा आहे म्हटलं की त्याचं काय उरतं, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? माझा हात सत्तावीस वर्षं नावाजला लोकांनी, आणि तिनं तिचा काखेत घालून ठेवला.

नंतर का नाही सांगितलं? विचार, विचार, विचारायलाच हवं. पहिला आठवडा उद्या सांगू म्हटलं, मग म्हटलं म्हातारे मालक आहेत तोवर नको, मग ते गेले तर म्हटलं आता कशाला. एकदा बसस्टॉपवर दिसली होती, कडेवर लेकरू होतं — तूच असशील. मी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेलो. लाज वाटते मला. हे असं तुझ्यासमोर बसून सांगतानाही अर्धं मन म्हणतंय की गप्प बस मूर्खा, पोरगी अजून गोलला हो म्हणेल. इतका मी वाईट आहे बघ. रडू नको. रडू नको गं, ओरड माझ्यावर, ते बरं वाटेल.

आली वाटतं. मागं वळून बघितलं असणार, तू डोळे पुसलेस ते काचेतून दिसलं असणार तिला. बघ — दार खांद्यानं ढकलतेय. हात बघ. हात काखेत. ...नाही, तू उठू नकोस, तू कुठं जाऊ नकोस, बस. तेव्हा मी लोकांसमोर बोललो होतो, आज एकांतात कुजबुजून चालायचं नाही. मालक, फोन ठेवा जरा. ठेवा हो, नंतर बोला. ए, ते पॉलिशचं मशीन बंद कर रे! बंद कर म्हणतो ना. आणि सगळे इकडे या.

...या ताई. मी उभाच राहतो, तुम्ही बसा. नाही, तुम्ही नका काही बोलू, निरोप पोचला मला. हात बाहेर काढा, ताई. हिरा मी फोडला होता.