छप्पन्नावर थांबलेला काटा

न्हाई न्हाई, पोटाला हात लावायचा न्हाई पावनं. दात बघा, पाठीवरनं हात फिरवा, मांडी चाचपा, काय बघायचं ते बघा — पर कुशीत मूठ दाबायची न्हाई. मुकं जनावर हाय, बिचकतं. आन तुमी सारोळ्याचेच ना? मागल्या बाजाराला आला हुता, नातवाचं जावळ हाय म्हनून सांगत हुता. तवा ह्योच बोकड तुमच्या डोळ्यांदेखत काट्याला लावला का न्हाई? ह्योच टेम्पोचा दांडा, हीच झोळी. किती भरला हुता? अठ्ठावीस किलो. आन आज? अठ्ठावीस. मग तक्रार कशाची? घटला न्हाई ही तक्रार? ह्या कुंडलिकनं तीस वर्सं भोरच्या बाजारात बोकडं विकली, माल घटला म्हनून भांडनारी लई बघितली, घटला न्हाई म्हनून रुसलेलं गिऱ्हाईक तुमीच पहिलं.

किती वाजले ओ? बारा वाजून गेले? न्हाई, असंच इचारलं. त्या टेम्पोत पुढल्या सीटवर आमची सगुणा बसलीया, माझी बायकू. तिला जरा एका ठिकानी न्यायचंय. जाऊ की. एकपतोर टाईम हाय.

हां, तर तुमचं म्हननं आलं माझ्या ध्यानात. डोंगरावरनं खाली आनलेलं जनावर पहिल्या आठ दिसांत उतरतं, मग ह्यो कसा उतरला न्हाई? बरुबर हाय. तुमच्या घरी बी शेरडं असनार, त्याबिगर कुनी असं इचारत न्हाई. उतरतंच. आता धा-बारा दिसांमागं ह्यो वर वेल्ह्याच्या रानात करवंदीचा पाला खात हुता, हितं आनला आन पुढ्यात काय पडलं? वाळली वैरन, कोंडा. मग पोटात जे कायम भरल्यालं असतंय ते रितं हुतं, अंगातलं पानी जातं — दोन-तीन किलो कुठल्या कुठं! नवखा मानूस घाबरतो, म्हनतो रोग लागला. रोग कसला? पानी असतंय ते, मास न्हाई. दुसऱ्या आठवड्यात कमी उतरतं, तिसऱ्याला थांबतं, नवा चारा अंगी लागला की परत भरतं. माझ्या बापानं सांगितलेलं ह्ये, आन म्या हज्जार जनावरांवर बघितलेलं. ह्यो उतरला न्हाई म्हंजे — म्हंजे रगत चांगलं हाय. असतं एखाद्याचं.

आन जनावराचंच कशाला, मानसाचं बी तेच. सगुणाचंच बघा. तिला शुगर निघाली, झाले की तीन महिने. आमची पोरगी धनश्री, किकवीला दिलीया, तीच घेऊन गेली हितल्या डागदरकडं. डागदरनं कागदच लिहून दिला — भात बंद, गुळाचा च्या बंद, भाकरी अर्धी, मोड आल्यालं खा, पालेभाजी खा, अंडं खा. आवो, धरनाच्या वरल्या अंगाची भाताच्या मुलखातली बाई ती! सकाळी भात, दुपारी भात, रातच्याला भात, अन् बरं वाटंना झालं तर भाताची पेज. तिच्या पुढ्यात पहिल्या दिशी मेथीनं भरल्यालं ताट ठेवलं. तिनं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हनली, मी काय शेरडी हाय व्हय? लई हसलो आमी. पर खाल्लं तिनं. जिद्दीची हाय. भाताच्या टोपाकडं ढुंकून बघायची न्हाई, मला वाढायची आन तोंड फिरवून बसायची.

डागदर म्हनला, दर आठवड्याला वजन बघा. आता आमच्या घरात मानसाचा काटा कुठला? ह्योच की. बाजाराच्या दिशी सकाळी पडवीच्या तुळईला अडकवायचा, तिला झोळीत बसवायची, दोन्ही हातांनी उचलून आकड्याला लावायची. पहिल्यांदा लाजली, पदर तोंडात धरून म्हनली, कसायाला देताय का काय मला! चौसष्ट भरली. अन् पुढल्या बाजाराला साठ. आठ दिसांत चार किलो! धनश्री फोनवर रडाया लागली. म्या हसून म्हनलं, येडे, तुझा बाप बोकडं विकून म्हातारा झाला, पानी उतरलंय ते, चारा बदलला की उतरतंच. डागदरनं बी तेच सांगितलं, शब्दाला शब्द. तवापासनं मीच डागदर झालो की ओ आमच्या वाडीत! शेजारची अंबूबाई म्हनली, भावजी, मला बी बसवा की झोळीत. काटा तुटंल म्हनलं.

थांबा की, निघाला कुठं? बोकडाकडनंच येतोय मी, जरा ऐका. ते सोडा, घड्याळात बघा एकदा. पंधरा मिन्टं? एवढीच झाली? बरं.

मग अठ्ठावन्न झाली. मग सत्तावन्न. मग छप्पन्न. डागदर म्हनला हुता, पहिल्या उताराला भ्यायचं न्हाई, पर महिना उलटला तरी उतरतच राहिली तर मला आनून दाखवा. आन हितं म्या माती खाल्ली बघा. डागदरच्या वरताण मीच तिच्यासमोर बोलून गेलो — म्हनलं, पंचावन्नच्या खाली गेलीस की त्याच दिशी पुन्याला मोठ्या दवाखान्यात न्हेतो, काय असंल ते एकदाच कळू दे. ती नुसती झोळीची घडी घालत बसली. तिची थोरली बहीन, फुलाबाई, ती बी अशीच वाळत गेलती, तिला पुन्याला न्हेली ती चालत गेली न् गाडीत आडवी होऊन आली. मला तवा आठवायला पायजे हुतं. न्हाई आठवलं. जीभ चालली आन काय.

पर त्याच्यापुढं काटा थांबला! छप्पन्न. पुढल्या बाजाराला छप्पन्न. त्याच्या पुढल्याला बी छप्पन्न. सहा बाजार, पावनं, सहा बाजार छप्पन्न. म्या भैरवनाथाला नारळ फोडला. धनश्रीला फोन केला, म्हनलं, बघ, थांबली का न्हाई तुझी आई? चारा अंगी लागला. दिसभर शिट्टी वाजवत हिंडलो मी.

आता खरं सांगू का? हाताला कळत हुतं. दिसाला तीस-चाळीस जनावरं उचलनारा हात हाय ह्यो, ह्याला काटा लागत न्हाई. तिला झोळीतनं खाली घ्यायचो तवा हलकी लागायची — काटा छप्पन्न म्हनायचा आन हात म्हनायचा, न्हाई, न्हाई. म्या हाताला गप केलं. बांगड्या कोपरापतोर जाया लागल्या तिच्या, तर दोरा गुंडाळला तिनं बांगड्यांना आतनं, म्हनली, काम करताना वाजत्यात. चोळी दोनदा आत घेतली, म्हनली, शिंप्यानंच ढिली शिवलीती. रातच्याला उठून पानी प्यायची, तीनदा, चारदा. मी कूस बदलायचो आन काटा आठवायचो. छप्पन्न. छप्पन्न हाय की, मग काय झालंय?

आन आज सकाळी — आज सकाळी मी जरा लवकर उठलो, टेम्पोत माल भरायचा हुता. मागल्या दाराला गेलो तर ही हंड्यापाशी बसल्याली. हातात तांब्या. एक तांब्या घटाघटा, दुसरा तांब्या. मदी हातावरचं कायतरी जिभंला लावायची आन परत तांब्या. वांती येत हुती तिला, तोंड दाबून गिळत हुती. म्या वाकून बघितलं तर मीठ. खडंमीठ. गोठ्यातल्या डब्यातलं. आपन बोकडाला बाजाराच्या दिशी पहाटं कोंड्यातनं — न्हाई, म्हंजे करत्यात काही लोकं. बाजारातली. मीठ चारायचं, तहान लागली की पानी पाजायचं, काट्याला भरतंय बोकड. म्या न्हाई. लोकं करत्यात.

असं काय बघताय?

सहा बाजार, पावनं. सहा बाजार ती पानी पिऊन झोळीत बसत हुती. आन मी, मीच तिला उचलून आकड्याला लावत हुतो. साऱ्या भोरच्या बाजारात कुनी मला काट्यावर फसवू शकत न्हाई, बोकडाच्या नुसत्या चालीवरनं सांगतो मी पोटात किती पानी हाय ते — आन घरात, माझ्या हातात... अंदाज बी कसला तिचा! बरुबर छप्पन्न. जास्त न्हाई, कमी न्हाई. असनारच की, तीस वर्सं आमच्याकडं पहाटं उठून तेच काम —

जाऊ द्या.

मला बघून दचकली. म्हनली, तहान लागलीती. म्या म्हनलं, चल, झोळीत बस, मला उशीर हुतोय. बसली. छप्पन्न. म्या तिच्या तोंडाकडं बघत म्हनलं, छप्पन्न, चांगलं हाय. ती बी म्हनली, चांगलं हाय. दोगं बी चांगलं हाय चांगलं हाय म्हनत उभं राहिलो येड्यावानी. मग तिला म्हनलं, चल आज भोरला, तुला लहान मापाच्या बांगड्या घेऊ. डागदरचं नाव काढलं न्हाई. नाव काढलं असतं तर आलीच नसती. वाटंत दोनदा टेम्पो थांबवाया लावला बिचारीनं, झाडाआड जाऊन आली. मी पुढं रस्त्याकडं बघत बसलो. मनात आलं, आता किती असंल? पानी गेल्यावर? त्रेपन्न? बावन्न? का पन्नासच? आन कवापासनं?

डागदर एकपतोर असतो. त्यो बघा, त्या मेडिकलच्या वर, जिना दिसतोय ना, तिथं. हितनं शंभर पावलं न्हाईत. धा वाजल्यापासनं बाजारात हाय मी. तीन बोकडं विकली, चौथ्यासाठी तुमच्याशी तासभर डोकं लावतोय. म्हनतो, हे एवढं गिऱ्हाईक झालं की जाऊ. हे एवढं झालं की. तिथं मानसाचा काटा हाय ना, पावनं. काचंचा. त्याच्यावर उभं राहिलं की आकडा लाल लाल येतो, त्याला माझा हात लागत न्हाई.

भ्या वाटतंय मला. हां, वाटतंय. त्यात लाज कसली?

काय? घेता म्हनता? ठरलं? म्हनता त्या भावाला? हात पुढं केलात... आवो, तासभर न्हाई म्हनत हुता न्हवं? माझ्या बायकूची कीव आली म्हनून घेताय का बोकड?

न्हाई. हात मागं घ्या. मागं घ्या म्हनतो ना. हिकडं या, खाली वाका. आता दाबा मूठ. दाबा की कुशीत, मीच सांगतोय! ऐकलं? भरल्या घागरीवानी वाजतंय का न्हाई? तीन किलो निस्तं पानी हाय त्यात. पहाटं मीठ चारलं, आमच्या घरात चारलं, तिनंच चारलं, म्या सांगितलं म्हनून — बोकडाला बी चारलं आन स्वताला बी. मागल्या बाजाराचा अठ्ठावीस खरा हुता. आजचा खोटा. ह्यो पंचवीसचा बोकड हाय. उतरलाय, जसा उतरायला पायजे तसाच उतरलाय, अन् त्याला काय झाल्यालं न्हाई, धडधाकट हाय, पुढल्या बाजाराला या, भरंल त्यो परत. त्याचं मला म्हाईत हाय. त्याचं सगळं म्हाईत हाय मला.

सोडा, झोळी मी काढतो. काटा बी काढतो. आज काय इकायचं न्हाई.

सगुणे! ए सगुणे, उतर खाली. न्हाई, बांगड्या मागनं. आधी तिकडं, त्या जिन्यावर जायचंय. डोळं कशाला मोठं करतीस? म्या बघितलंय सकाळी. व्हय, मीठ बी बघितलं. रडू नगंस, बाजार हाय ह्यो. पुन्याचं नाव कुनी काढलंय? म्या काढलंय का आता? मी हाय की संगं, कुठं बी न्हेलं तरी आतपतोर येतो, जिथनं बाहेर काढत्याल तिथपतोर येतो. आन वर जायच्या आधी त्या एसटी स्टँडवर मोकळी होऊन ये. सगळं पानी जाऊ दे. काट्यावर खरी उभी राहा.

तुमी काय उभं राहिलाय, पावनं? जावा की.